पाणकणीस, अल-अन्सब

इथे नदी नाही.
ओढाही नाही, आटलेला म्हणावा असासुद्धा.
तरी काळ्या डोंगरामागे एवढं तळं आहे
आणि तळ्याच्या कडेने
माणसाहून उंच हिरवं उभं आहे.

पहिलं वर्षभर मी त्याला गवतच म्हणायचो.
सालेह म्हणायचा, बरदी.
प्रयोगशाळेतल्या झुलेखा परकारने
नमुन्याची बाटली उजेडात धरत सांगितलं,
अहो, हे पाणकणीस.
आमच्या दापोलीकडे खाजणाच्या वर असतं, गोड्या पाण्यात.
मी मंगळवेढ्याचा.
आमच्याकडे कणीस म्हटलं की ज्वारीचं
आणि पाणी म्हटलं की टँकरचं.
हे दोन शब्द जोडता येतात
हे मला समुद्र ओलांडल्यावर कळलं.

पाणी कुठलं ते मी सांगतो, माझं कामच ते.
पहाटे मीटरचा काटा उठतो : वजूचं पाणी.
मग कॅम्पातल्या आंघोळी, चाळीस जणांत चार नळ.
मग तांदळाचं धुवण, हॉटेलांच्या चादरी,
रुवीतल्या न्हाव्याची वाटी,
कुणाच्या तरी बाळाची दुपटी,
माझी स्वतःची कालची बनियन.
सगळं माझ्याकडे येतं.
मी त्याला हवा देतो, गाळ बसवतो, क्लोरिन मोजतो
आणि उरलेलं,
ज्याला आता कुणाचाच वास नाही,
तळ्यात सोडतो.
त्यावर हे उभं.

फूल म्हणावं तर फुलासारखं नाही.
एका दांड्यावर दोन मजले.
वर नर : पिवळी भुकटी, थोड्याच दिवसांत झडतो,
मागे नुसती काडी.
खाली मादी : तपकिरी, घट्ट,
महिनोन्महिने तिथेच.
झुलेखा हे मोबाइलवर वाचून दाखवत होती.
मी उगाचच पंपाचा आवाज
नीट येतोय का, ते ऐकलं.

थंडीच्या तोंडी कापायचा हुकूम यायचा.
जाळी तुंबते म्हणून,
शिवाय पाहुण्यांना फ्लेमिंगो दिसत नाहीत.
सिल्हेटचा मोतालिब कमरेएवढ्या पाण्यात उतरायचा,
कोयता असा चालवायचा, जणू भात कापतोय.
तीन ट्रक भरायचे.
मुळं काढू का, दरवर्षी विचारायचा,
आणि मुळं हाती लागत नाहीत, हेही तोच सांगायचा.
चिखलात आडवी पसरलेली,
एकाचं कुठे संपतं, दुसऱ्याचं कुठे सुरू होतं,
पायालाही कळत नाही.
फेब्रुवारीत पुन्हा हिरवे सुरे वर.

मग ते वर्ष आलं,
विमानं इथून भरून गेली आणि रिकामी आली.
मी वहीत लिहिलं : पातळी चार बोटं खाली.
पुढच्या महिन्यात : सात.
कडेचं पाणकणीस आधी वाळलं,
उभ्याउभ्या, न पडता.
कोण कोण गेलं हे मला कुणी कळवलं नाही,
तळ्याने कळवलं.
मोतालिबची अर्धी बादली
त्या सात बोटांत कुठेतरी होती.

आता कोयता एका नेपाळी पोराकडे आहे.
मुळांचं त्याला अजून माहीत नाही.

उन्हाळ्यात कणसं उकलतात.
पोरं जिला म्हातारी म्हणून फुंकतात
तसला पांढरा कापूस
एसीच्या जाळीत, झुलेखाच्या ओढणीवर,
सालेहच्या कुम्मा टोपीच्या नक्षीत,
निर्जंतुक बाटलीच्या अगदी तोंडाशी.
परवा व्हिसाच्या अर्जावर एक म्हातारी येऊन बसली,
वास्तव्याचा कालावधी, त्याच चौकटीत.
मी फुंकर मारणार होतो.
सालेह म्हणाला, दोन लिही, दोनच वर्षं मिळतात.
लिहिलं.
ती उडाली नाही.
शाई ओली होती.